सत्र अर्धे, अभ्यासक्रम पूर्ण आणि पगार तासावर

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत दर वर्षी एक चमत्कार घडतो. जून-जुलैत सुरू व्हायला हवे असे सत्र प्रवेशाच्या फेऱ्या, याद्या आणि नेमणुका यांच्यात अडकून रडतखडत सुरू होते. परीक्षा मात्र ठरल्या वेळेच्या आसपास येऊन उभी राहते. आणि तरीही प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम “पूर्ण” झाल्याचा दाखला प्राचार्यांच्या टेबलावर वेळेत पोहोचतो! पंधरा आठवड्यांचे शिक्षण आठ-नऊ आठवड्यांत बसवले कोणी आणि कसे, हे विद्यापीठ विचारत नाही. सहसंचालक कार्यालय विचारत नाही. नॅकची समिती येते, फाइल बघते, चहा घेते आणि जाते.

आमचे म्हणणे सरळ आहे. सत्र आखडले म्हणून अभ्यासक्रम आखडत नाही. जे तास वेळापत्रकातून गायब होतात त्यांची किंमत दोघे जण भरतात. एक, तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक. दुसरा, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी. या दोघांची जात कोणती, वस्ती कोणती, बापाचा धंदा कोणता, हे शोधायला आयोग नेमण्याची गरज नाही. वर्गात जाऊन हजेरीपट वाचला तरी पुरे.

म्हणून आखडलेल्या सत्रात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या पाठीशी उभे राहणे ही आम्हाला नोकरदारांची युनियनबाजी वाटत नाही. तो आमच्या चळवळीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

आधी हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे सत्रात पंधरा तास अध्यापन. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. पंधरा आठवडे मिळाले तर आठवड्याला चार तास. आता सत्र नऊ आठवड्यांचे झाले असे धरा. खोल्या तेवढ्याच, माणसे तेवढीच, म्हणून वेळापत्रकात त्या पेपरला आठवड्याला तास चारच. नऊ चोक छत्तीस. उरलेले २४ तास गेले कुठे?

ते दोन ठिकाणी जातात. काही तास प्राध्यापक रविवारी, सकाळी सातला, संध्याकाळी सहानंतर, कधी मोबाइलवर, जादा घेतो. त्यांतले किती बिलात धरले जातात ते बिल तपासणाऱ्या बाबूला विचारा. बाकीचे तास कोणीच घेत नाही. त्या तासांतले धडे “स्वयंअध्ययन” नावाच्या खड्ड्यात ढकलले जातात.

आता पैशांकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर ठरवला. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये तासिकेचे दर वाढवले, त्याचा गाजावाजाही केला, तरी पदवीच्या वर्गाचा दर आयोगाच्या दराच्या बराच खाली राहिला. हिशेबाला सोपे जावे म्हणून तासाला ९०० रुपये धरू. ६० तास झाले तर त्या पेपरचे ५४,००० रुपये. ३६ तास झाले तर ३२,४०० रुपये. म्हणजे सत्र उशिरा सुरू झाले, त्यात प्राध्यापकाचा काडीचा दोष नाही, आणि खिशातून २१,६०० रुपये त्याच्याच गेले. त्याची तयारी कमी झाली का? अभ्यासक्रम तोच. प्रश्नपत्रिका तीच. अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या तेवढ्याच, गुण ऑनलाइन भरणे तेवढेच. सहा महिन्यांचे वाचन दोन महिन्यांत करावे लागल्याने रात्री उलट जास्त जागाव्या लागल्या. काम वाढले, मजुरी घटली. ऊसतोडीतल्या मुकादमालाही असा हिशेब मांडताना थोडी लाज वाटेल.

सत्र आखडते की आखडवले जाते?

कायदा या बाबतीत मुका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार वर्षात किमान १८० दिवस, म्हणजे ३० आठवडे, प्रत्यक्ष अध्यापन व्हायला हवे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत कायद्याच्या सत्राला किमान १५ आठवडे लागतात. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला आठवड्याला किमान ३० तास लागतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत बी.एड.ला प्रवेश आणि परीक्षेचे दिवस वगळून वर्षाला २०० कामाचे दिवस सांगितले आहेत. हे सगळे नियम छापील आहेत. विद्यार्थ्याची उपस्थिती ७५ टक्क्यांच्या खाली गेली की हेच नियम त्याच्या तोंडावर फेकले जातात. पण सत्राचीच उपस्थिती ६० टक्के भरली तर जाब कोणाला विचारायचा?

२०२० मध्ये कोरोनामुळे आयोगाने प्रथम वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे वेळापत्रक दिले. तेव्हा संकट होते आणि तडजोड समजण्यासारखी होती. ते संकट गेले, तडजोड मात्र मुक्कामाला राहिली. कायदा आणि बी.एड.च्या सीईटीच्या प्रवेशफेऱ्या लांबत जातात. प्रथम वर्षाचे विद्यार्थी महिना-दीड महिना थेंबाथेंबाने वर्गात येत राहतात. सरकारी वसतिगृहाची यादी लागेपर्यंत खेड्यातला मुलगा शहरात राहणार कुठे? तो येतो तेव्हा दोन युनिट होऊन गेलेली असतात.

यात भर पडते ती नेमणुकीच्या फेऱ्याची. तासिका प्राध्यापकाला दर वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागते. कार्यभार निश्चित करा, सहसंचालकांची ना-हरकत आणा, जाहिरात द्या, मुलाखती घ्या, विद्यापीठाची मान्यता मिळवा. मागच्या वर्षी त्याच वर्गात, तोच पेपर शिकवलेल्या माणसाने या वर्षी पुन्हा त्याच खुर्चीसमोर फाइल घेऊन बसायचे. हा सोपस्कार आटोपेपर्यंत सत्राचा मोठा तुकडा निघून जातो. मग प्राध्यापक वर्गात शिरतो आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते, “सर, पोर्शन मागे आहे. जरा ओढा.”

पोर्शन मागे कोणी टाकला? ज्यांनी नेमणूक अडवून ठेवली त्यांनी! आणि ओढायचा कोणी? ज्याची नेमणूक अडवली त्याने!

२०२४-२५ पासून नवे धोरण सर्व संलग्न महाविद्यालयांत आले आणि गुंता आणखी वाढला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशा टोपल्या मांडल्या गेल्या. सत्राला २० ते २२ क्रेडिट, त्यांत दोन-दोन क्रेडिटचे अनेक छोटे पेपर. कागदावर हे फार देखणे दिसते. प्रत्यक्षात राज्यशास्त्रात सेट झालेल्या तासिका प्राध्यापकाच्या गळ्यात चार वेगवेगळ्या टोपल्यांतले पेपर पडतात. काहींचे मराठी पुस्तक बाजारात नसते, काहींचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर सत्र सुरू झाल्यावर येतो. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास. सत्र आखडले की ते अठरा-वीसवर येतात. त्यातून चाचणी, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा वजा करा. उरले काय? विषयाची तोंडओळख आणि परीक्षेला येणारे पाच प्रश्न.

तासाच्या बाहेरचे काम कोणाचे?

“तासिका तत्त्व” हा शब्दच फसवा आहे. त्यात असे गृहीत धरले आहे की शिकवणे म्हणजे घंटा वाजल्यापासून घंटा वाजेपर्यंत बोलणे. नियमित सहायक प्राध्यापकाच्या बाबतीत हेच सरकार असे मानत नाही. आयोगाच्या नियमांत त्याला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे आणि एकूण कार्यभार ४० तासांचा आहे. उरलेल्या २४ तासांत तयारी, वाचन, विद्यार्थ्यांना भेटणे, मूल्यमापन आणि संशोधन येते, आणि त्या सर्वांचा पगार मिळतो. मग तासिका प्राध्यापक तयारीशिवाय शिकवतो की काय? तो वह्या तपासत नाही? मुले त्याला शंका विचारत नाहीत? एकच काम एकाने केले तर सेवा आणि दुसऱ्याने केले तर फुकटची वेठ! वेठबिगारी म्हणजे काय हे महार वतनाचा इतिहास असलेल्या समाजाला कोणी शिकवायला नको. वतनातही काम ठरलेले नसायचे, फक्त राबणारा ठरलेला असायचा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराचे आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्याच खात्याची. कामगाराला पगारी सुट्टी देणारी कारखाने कायद्यातील दुरुस्तीही त्यांच्याच कार्यकाळातली. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी गिरणीतल्या मजुराला जे तत्त्व म्हणून मान्य झाले, ते आज नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकाला नाकारले जाते. कॉलेजला सुट्टी, की त्याची मजुरी बंद. दिवाळीत बंद, निवडणुकीच्या कामासाठी इमारत घेतली तर बंद, परीक्षेच्या महिन्यात बंद. आणि १४ एप्रिलला? ज्यांनी पगारी सुट्टी दिली त्यांच्या जयंतीच्या दिवशी सरकार सुट्टी जाहीर करते, मंत्री पुतळ्याला हार घालतात आणि तासिका प्राध्यापकाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. यापेक्षा क्रूर विनोद कोणता असेल?

इथे आणखी एक गोष्ट आठवते. १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. नेमणूक तात्पुरतीच होती. त्यांच्या पाण्याच्या माठाला हात लावण्यावर सहकारी प्राध्यापकांनी आक्षेप घेतला, ती कहाणी सर्वांना माहीत आहे. पण त्या तात्पुरत्या नेमणुकीलाही महिन्याचा पगार होता, हे आपण विसरतो. त्या पगारातून पै पै साठवून, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेऊन ते १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. आजच्या तासिका प्राध्यापकाने वर्षभर शिकवून उरलेल्या पैशात लंडन सोडाच, पीएच.डी.चा प्रबंध टाइप करून बांधून घेऊन दाखवावा. वसाहतीच्या सरकारने तात्पुरत्या प्राध्यापकाला महिन्याचा माणूस मानले. स्वतंत्र भारतातल्या पुरोगामी महाराष्ट्राने त्याला तासाचा हमाल केले.

“पुन्हा सांगा सर”

आता वर्गाकडे वळू. सत्र आखडले की सर्वात आधी काय कापले जाते? व्याख्यान कापले जात नाही, ते भरधाव होते. कापले जाते ते त्याच्या आजूबाजूचे सगळे. उजळणी, उदाहरण, शंका, लिहून घेणे, लिहिलेले तपासून देणे. मागच्या बाकावरचा विद्यार्थी धीर गोळा करून “सर, हे पुन्हा सांगा ना” म्हणतो, त्या वाक्याची जागा कापली जाते.

ज्याच्या घरी बाप वकील, आई प्राध्यापिका, कपाटात पुस्तके आणि खिशात क्लासची फी आहे त्याला हे वाक्य म्हणायची गरज नसते. त्याचे “पुन्हा सांगा” संध्याकाळी घरी पूर्ण होते. आमच्या मुलांचे घर त्यांना प्रेम देते, भाकरी देते, पण ‘सार्वभौमत्व’ म्हणजे काय हे सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी वर्ग हे एकमेव घर आहे जिथे ही भाषा बोलली जाते. दहावी-बारावी गावच्या मराठी शाळेत, संदर्भग्रंथ इंग्रजीत आणि मध्ये पूल फक्त एक, प्राध्यापक. त्या पुलावरून पंधरा आठवड्यांत चालत जायचे ते नऊ आठवड्यांत पळत जा असे सांगितले तर पडणार कोण, हे आधीच ठरलेले आहे.

बीड, जालना, अहिल्यानगरच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कित्येक विद्यार्थी आईबापाबरोबर जातात, किंवा मागे राहून लहान भावंडे, म्हातारी माणसे आणि जनावरे सांभाळतात. सत्र वेळेवर सुरू झाले असते तर निम्मे-अधिक शिकवणे दिवाळीआधी उरकले असते. उशिरा सुरू झालेल्या सत्राचा सगळा दाट भाग नेमका कारखान्याच्या हंगामात येतो. मग उपस्थिती कमी, मग शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, मग फीचा तगादा. मुलगा नापास होतो आणि आम्हाला सांगितले जाते की या मुलांत गुणवत्ता नाही. आधी वेळ चोरायचा आणि मग मेरिटचा दाखला मागायचा, हा खेळ आम्ही पिढ्यान्पिढ्या ओळखतो.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले गेले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे. म्हणजे वेळापत्रक हा प्रशासनाचा किरकोळ तपशील नाही, तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. विद्यार्थ्याच्या जगण्याला धरून कॉलेजची घंटा बांधायची असते. आज घंटा सीईटी कक्षाच्या सोयीने वाजते.

“जगभर शॉर्ट कोर्स चालतात” म्हणणाऱ्यांना

कोणी विद्वान लगेच पुढे येतील आणि सांगतील, परदेशात तर तीन आठवड्यांत पेपर संपवतात. हो, संपवतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून साडेतीन आठवड्यांचा एक ‘ब्लॉक’ असतो. पण तिथे त्या काळात विद्यार्थी एकच विषय शिकतो आणि प्राध्यापक एकच विषय शिकवतो. वर्गात सहसा जास्तीत जास्त पंचवीस मुले असतात. अभ्यासक्रम त्या मुदतीसाठीच रचलेला असतो. त्याला म्हणतात अल्प मुदतीचा अभ्यासक्रम. आपल्याकडे जे चालते ते म्हणजे दीर्घ मुदतीचा अभ्यासक्रम अल्प मुदतीत कोंबणे. दोन्हींना एकच नाव देणे म्हणजे उपवास आणि उपासमार एकच आहे असे सांगण्यासारखे आहे.

परदेशात कशाला जायचे? आपल्याच केंद्र सरकारला घाईच्या अभ्यासक्रमाचे मोल कसे द्यायचे हे उत्तम कळते. २०१५ मध्ये ‘ग्यान’ नावाची योजना आली. परदेशी प्राध्यापकाने इथे येऊन एक-दोन आठवड्यांचा कोर्स शिकवायचा. १२ ते १४ तासांच्या कोर्सला प्रवास आणि मानधन मिळून ८,००० डॉलरपर्यंत, २० ते २८ तासांच्या कोर्सला १२,००० डॉलरपर्यंत ठोक रक्कम. नीट बघा, तासाचे मीटर नाही, कोर्सची ठोक रक्कम! कारण दोन आठवड्यांत शिकवायचे तर महिनोन्महिने तयारी लागते हे सरकारला मान्य आहे. मग हेच शहाणपण नांदेड, धाराशिव, गडचिरोलीच्या प्राध्यापकापाशी आले की कुठे आटते? परदेशी पाहुण्यांना पैसे मिळतात याचे आम्हाला दुःख नाही. तयारीला मोल असते हे तत्त्व गोऱ्या कातडीपुरते का, एवढाच आमचा सवाल आहे.

दुसरे विद्वान म्हणतात, “ऑनलाइन घ्या. स्वयंवर व्हिडिओ आहेत. पीपीटी पाठवा.” व्हिडिओ चांगली गोष्ट आहे, पण व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही. एका मोबाइलवर तीन भावंडे शिकतात त्या घरात पीपीटी पाठवणे म्हणजे पोर्शन संपल्याचा पुरावा तयार करणे. शिकवणे नव्हे.

तिसरे सर्वात धूर्त. ते म्हणतात, “सरकारकडे पैसा नाही.” न्यायालये हे ऐकून घ्यायला तयार नाहीत. समान कामाला समान वेतन हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये आहे. जगजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लागू केले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शिक्षकांना मिळणाऱ्या तुटपुंज्या वेतनावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. आयोगाची २०१८ ची नियमावली तर आधीच सांगून बसली आहे की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. महाराष्ट्राने यातून पळवाट कशी काढली? माणसाला कंत्राटी म्हणायचेच नाही, ‘तासिका’ म्हणायचे. नाव बदलले की हक्क गेला.

तासाला बिंदू नसतो

यात जात कुठे आली, असे विचारणारेही भेटतील. त्यांना बिंदुनामावली दाखवा. पूर्णवेळ पद भरायचे तर बिंदू बघावा लागतो, अनुसूचित जातीचे, जमातीचे, भटक्या-विमुक्तांचे, ओबीसींचे पद त्यांनाच द्यावे लागते. विभाग हे एकक धरून १३ बिंदूंचे रोस्टर आणायचा डाव झाला तेव्हा ५ मार्च २०१९ ला देश बंद झाला, दोन दिवसांत सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि त्याच वर्षी संसदेत कायदा झाला. समोरून आलेला हल्ला आपण परतवला. तासिका हा मागच्या दाराने आलेला हल्ला आहे. पद रिकामे ठेवायचे, त्याचे तास दोघा-तिघांत वाटायचे आणि दर वर्षी नव्याने वाटायचे. जाहिरातीत आरक्षणाची ओळ छापली म्हणून काय झाले? ते आरक्षण मार्चमध्ये संपते. त्यातून निवृत्तिवेतन नाही, बढती नाही, विभागप्रमुखपद नाही, अभ्यास मंडळावर जागा नाही. तासाला बिंदू नसतो.

२०१८ मध्ये राज्याने ३५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरायला मान्यता दिली. त्यांतली उरलेली २०८८ पदे भरायला पुन्हा मान्यता मिळेपर्यंत २०२१ उजाडले. या काळात वर्ग थांबले का? नाही. तासिकेवर चालले. ज्या समाजाच्या पहिल्या पिढीला प्राध्यापक होण्याची पात्रता मिळाली, त्याच पिढीच्या वेळी प्राध्यापकी हंगामी झाली. याला योगायोग म्हणायला आम्ही तयार नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा नुसते शाळा काढा म्हटले नाही. खेड्यातल्या शिक्षकाला महिना किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५-२० रुपये पगार असावा, तो प्रशिक्षित असावा, हेही मांडले. शिक्षकाचे पोट भरल्याशिवाय शूद्रातिशूद्रांचे शिक्षण होणार नाही, एवढा साधा व्यवहार त्यांनी जाणला होता.

कायम प्राध्यापकांना आणि संघटनांना

आमचे चार शब्द आतल्या माणसांनाही आहेत. कायम नोकरीत असलेले, आरक्षणाच्या लढ्याची फळे मिळालेले अनेक प्राध्यापक आमच्याच सभेत पहिल्या रांगेत बसतात. त्यांच्या शेजारच्या स्टाफरूममध्ये तासिका प्राध्यापिका बसते. तिला कपाट नाही, ग्रंथालयातून पुस्तके कमी मिळतात, दोन कॉलेजांच्या मध्ये एसटीने पळते आणि पोर्शन मागे पडला की बोलणी तीच खाते. मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात आमच्या एका साथीने सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत रोज दोन जादा तास घेतले. बिल आले तेव्हा त्यांतला एकही तास त्यात नव्हता. उत्तर मिळाले, “ते तुम्ही स्वखुशीने घेतले ना?” आणि त्या बैठकीत आपल्यातला एकही कायम प्राध्यापक तोंड उघडून बोलला नाही.

त्यांना आमचे सांगणे आहे की अभ्यास मंडळावर तुम्ही आहात. विद्वत परिषदेवर तुम्ही आहात. सत्र नऊ आठवड्यांचे झाल्यावर अभ्यासक्रमातले कोणते युनिट वगळायचे हा ठराव मांडणे तुमच्या हातात आहे. तो मांडायला पैसा लागत नाही, कणा लागतो. शिक्षक संघटनांनी वेतन आयोगासाठी जेवढा घसा कोरडा केला त्याच्या चौथाईत जरी तासिकेच्या प्रश्नाला ताकद लावली तरी चित्र बदलेल.

आमच्या मागण्या

१. तासावर मोजणी बंद करा. क्रेडिटवर मानधन द्या. चार क्रेडिटचा पेपर सोपवला की ६० तासांचे पैसे ठरले. सत्र उशिरा सुरू झाले, सुट्टी आली, इमारत निवडणुकीला गेली, तर तो तोटा शासनाचा.

२. दर आयोगाच्या २०१९ च्या दरापेक्षा कमी नको, आणि मानधन दर महिन्याला बँकेत जमा झाले पाहिजे. रिक्त पदे भरेपर्यंतची ही तात्पुरती सोय आहे. मूळ मागणी पूर्णवेळ, बिंदुनामावलीप्रमाणे भरतीचीच आहे.

३. पुढच्या वर्षाच्या नेमणुका उन्हाळ्याच्या सुट्टीतच पूर्ण करा. एकदा निवड झालेल्या आणि काम समाधानकारक असलेल्या प्राध्यापकाला दर वर्षी नव्याने मुलाखतीला उभे करू नका.

४. अध्यापनाचे आठवडे पंधरापेक्षा कमी भरणार असतील तर विद्यापीठाने सत्राच्या सुरुवातीलाच अभ्यासक्रमाचा कमी केलेला भाग लेखी जाहीर करावा, आणि प्रश्नपत्रिका त्या भागावरच काढावी. कोणता धडा सोडायचा याचे ओझे एकट्या प्राध्यापकावर नको.

५. आखडलेल्या सत्रात एका प्राध्यापकाकडे दोनपेक्षा जास्त वेगळे पेपर नकोत. नव्या पेपरसाठी मराठीतली वाचनसामग्री सत्रापूर्वी विद्यापीठाने पुरवावी. तयारी, चाचण्या, प्रकल्प आणि गुणनोंदणी यांचे वेगळे मानधन मिळावे.

६. उशिरा प्रवेश मिळालेल्या आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उजळणी वर्ग घ्यावेत, पगारी. त्यांची उपस्थिती त्यांच्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजावी.

७. तासिका प्राध्यापकाला ग्रंथालय, बसायला जागा, ओळखपत्र, प्रसूती रजा आणि अनुभवाचा दाखला हक्काने मिळाला पाहिजे.

यातली एकही मागणी क्रांतिकारी नाही. राज्यघटना, आयोगाचे नियम आणि साधी माणुसकी यांच्या बाहेर आम्ही पाऊल टाकलेले नाही. तरीही या मागण्या ऐकून मंत्रालयात कपाळावर आठ्या पडणार असतील तर त्याचा अर्थ एवढाच की बहुजनांचे शिक्षण स्वस्तात उरकायचे असे कुठेतरी ठरले आहे.

“शिका, संघटित व्हा, संघर्ष करा” यात ‘शिका’ पहिल्या जागी आहे. शिकायचे तर शिकवणारा लागतो. त्याला उद्याची खात्री लागते, तयारीला रात्र लागते आणि वर्गात एवढी उसंत लागते की मागच्या बाकावरचा हात वर झाला तर त्याला थांबता यावे. ती उसंत कोणी दान म्हणून देणार नाही. तासिका प्राध्यापकांनो, आपापल्या विद्यापीठात एकत्र या. या सत्रात घेतलेल्या आणि बिलात न धरलेल्या प्रत्येक तासाची तारीखवार नोंद वहीत ठेवा, त्यावर विद्यार्थी प्रतिनिधीची सही घ्या आणि ती वही घेऊन सहसंचालकांच्या दारात उभे राहा. विद्यार्थ्यांनो, तुमच्या पेपरचे किती तास व्हायला हवे होते आणि किती झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तुमचा चोरलेला वेळ आणि तुमच्या सरांची चोरलेली मजुरी एकाच चोराच्या घरी आहे.

जयभीम!